ब्रायटन ते व्हिट्स्टेबल : समुद्राचं वेळापत्रक पाहून आखलेले सहा दिवस

इंग्लंडच्या दक्षिण आणि आग्नेय किनाऱ्यावरची गावं लंडनपासून आगगाडीने तास-दोन तासांवर आहेत. गाडी भाड्याने घ्यावी लागत नाही आणि जूनमध्ये सूर्य रात्री नऊनंतर मावळतो. तरीही इथून हिरमुसून परतणारे पुष्कळ असतात. कुणाला वाळू हवी होती आणि पाण्याखाली गेलेला किनारा मिळाला. कुणाला पोहायचं होतं आणि पाणी अर्धा मैल मागे गेलेलं होतं. गाड्यांच्या वेळा पाहिलेल्या असतात, पाण्याच्या पाहिलेल्या नसतात. उधाणाच्या दिवसांत ब्रायटनला भरती आणि ओहोटीच्या पातळीत साधारण पावणेसहा मीटरचा फरक पडतो, हेस्टिंग्जला साडेसहाच्याही वर. मुंबईत मोठ्या उधाणालाही हा फरक पाच मीटरच्या आसपास राहतो. एवढं पाणी सहा तासांत येतं किंवा जातं, त्यामुळे सकाळी पाहिलेला किनारा दुपारी ओळखू येत नाही.

मराठी माणसाला यात एक सोय आहे. मुंबईत अमावास्या-पौर्णिमेला दुपारी बाराच्या सुमारास भरती लागते आणि अष्टमीला सकाळ-संध्याकाळ सहाच्या आसपास, हा किनाऱ्यावरच्या लोकांचा जुना आडाखा. ससेक्सच्या, म्हणजे ब्रायटन-हेस्टिंग्जच्या, किनाऱ्यालाही, तिथल्या उन्हाळी घड्याळाप्रमाणे, तो जवळजवळ जसाच्या तसा लागू पडतो. म्हणून भिंतीवरच्या दिनदर्शिकेत अष्टमी शोधा, शुक्ल किंवा वद्य कुठलीही चालेल. तिच्या तीन दिवस आधी, पंचमीला, ब्रायटन गाठायचं. म्हणजे चौथ्या दिवशी, अष्टमीला, कँबरच्या वाळूवर भर दुपारी ओहोटी मिळते. शिवाय अष्टमीच्या पुढेमागे भांगाचे, म्हणजे भरती-ओहोटीत कमीत कमी फरक असलेले, दिवस असल्यामुळे पाणी चढतं-उतरतं तेही थोडं सबुरीने.

तिथीवरून फक्त आठवडा ठरवा. तास-मिनिटं त्या त्या गावाच्या भरतीच्या तक्त्यातूनच घ्या. ॲडमिरल्टीच्या ‘ईझीटाइड’ या संकेतस्थळावर पुढच्या काही दिवसांच्या वेळा फुकट दिसतात. छापील पुस्तिका घेतलीत तर आधी त्यात घड्याळ कुठलं धरलंय ते पाहा. बऱ्याच पुस्तिकांत ग्रिनिचची वेळ असते, आणि मार्चच्या शेवटच्या रविवारपासून ऑक्टोबरच्या शेवटच्या रविवारपर्यंत तीत एक तास मिळवावा लागतो. तो तास विसरला की ओहोटी संपून पाणी चढायला लागलं तरी माणूस निवांत पुढे चालत राहतो. पुढे दिलेल्या वेळांतही अर्ध्या-पाऊण तासाचा फरक गृहीत धरा.

महिना जून किंवा सप्टेंबरचा पहिला पंधरवडा. जूनमध्ये दिवस सर्वांत मोठे, पण पाणी १४-१५ अंश सेल्सिअस. सप्टेंबरात पाणी १७-१८ अंश आणि शाळा सुरू झाल्यामुळे गर्दी कमी. जुलैच्या अखेरीपासून ऑगस्ट संपेपर्यंत शाळांना सुट्टी असते, खोल्यांचे दर चढतात आणि शनिवारी एका रात्रीपुरती खोली द्यायला पुष्कळ ठिकाणी नकार मिळतो. मुक्काम असे: ब्रायटनला दोन रात्री, हेस्टिंग्जला दोन, मार्गेटला एक.

दिवस पहिला : ब्रायटन

लंडनच्या व्हिक्टोरिया स्थानकातून ब्रायटनची गाडी साधारण तासाभराची. थेम्सलिंकच्या गाड्या सेंट पँक्रस आणि लंडन ब्रिजवरूनही जातात, त्या थोडा जास्त वेळ घेतात. स्वस्त तिकिटावर ‘फक्त थेम्सलिंक’ असं छापलेलं असेल तर ते दुसऱ्या कंपनीच्या गाडीत चालत नाही आणि तपासनीस दंड करतो. तिघे ते नऊ जण एकत्र असाल तर गर्दीच्या वेळा सोडून ‘ग्रुपसेव्ह’ सवलतीत एकतृतीयांश भाडं वाचतं. त्यासाठी कुठलंही कार्ड लागत नाही, तिकीट काढताना पर्याय निवडायचा एवढंच. रविवारी रुळांची कामं निघतात आणि मधल्या टप्प्यात गाडीऐवजी बस मिळते, म्हणून रविवारचा प्रवास आदल्या दिवशी तपासा.

स्थानकातून बाहेर पडलं की क्वीन्स रोड सरळ उतरत समुद्रावर जातो, पंधरा मिनिटं. पंचमीला भरती दुपारी साडेतीनच्या सुमारास, तेव्हा आधी रॉयल पॅव्हिलियन पाहून घ्या. चौथ्या जॉर्जसाठी वास्तुविशारद जॉन नॅशने १८१५ ते १८२३ या काळात या वाड्याला बाहेरून हिंदुस्थानी धाटणीचे घुमट चढवले. आतली सजावट मात्र चिनी वळणाची. डिसेंबर १९१४ पासून १९१६ च्या सुरुवातीपर्यंत इथे पश्चिम आघाडीवर जखमी झालेल्या हिंदी सैनिकांचं रुग्णालय होतं. झुंबरांखाली खाटा लावल्या होत्या, निरनिराळ्या धर्मांच्या आणि जातींच्या सैनिकांसाठी नऊ वेगळी स्वयंपाकघरं होती, हिंदू आणि मुसलमानांसाठी पाण्याचे नळ वेगळे होते. इथे मरण पावलेल्या त्रेपन्न हिंदू आणि शीख सैनिकांचं दहन गावाबाहेर डाउन्स या खडूच्या टेकड्यांच्या माळावर झालं. त्या जागी १९२१ मध्ये पांढऱ्या संगमरवराची छत्री उभारली गेली. पॅचमपर्यंत बस आणि पुढे माळावरून चढती पायवाट. गाडी तिथवर जात नाही. जाऊन येऊन अडीच-तीन तास लागतात, पण ब्रायटनमध्ये एकच जास्तीची गोष्ट करायला वेळ असेल तर ती हीच करावी असं ठामपणे वाटतं.

हिंदुस्थानशी गावाचं नातं याहून जुनं आहे. पाटण्याचे शेख दीन मोहम्मद १८१४ मध्ये इथे येऊन राहिले आणि त्यांनी वाफेच्या स्नानाचा आणि चंपी-मालिशचा व्यवसाय उभा केला; दोन राजे त्यांचे गिऱ्हाईक होते. त्यांची कबर सेंट निकोलस चर्चच्या आवारात आहे. आणि सावरकरांचं ‘सागरा प्राण तळमळला’ १९०९ मध्ये रचलं गेलं ते याच किनाऱ्यावर.

किनारा गोट्यांचा आहे. शेजारच्या खडूच्या कड्यांतून सुटलेले चकमकीचे दगड लाटांनी गोल होऊन इथे साचले आहेत. वारा बहुतेक नैर्ऋत्येचा, त्यामुळे लाटा तिरप्या येतात आणि गोटे हळूहळू पूर्वेकडे सरकत जातात. ते अडवायला किनाऱ्याला काटकोनात भिंती बांधल्या आहेत. नीट पाहिलंत तर प्रत्येक भिंतीच्या पश्चिमेला गोट्यांची पातळी उंच आणि पूर्वेला खाली दिसेल. हे गोटेच गावाचं समुद्रापासून रक्षण करतात, म्हणून ते खिशात घालून घरी नेण्याला मनाई आहे.

अनवाणी चालणं इथे जमत नाही. रबरी तळव्याचे पाण्यातले बूट घ्या. पट्ट्याची चप्पल लाटेबरोबर जाते. भरतीच्या वेळी गोट्यांचा उतार उभा असतो. दोन-तीन पावलांत पाणी गुडघ्यावरून छातीवर येतं आणि लाट थेट काठावर आपटते. लाट गुडघ्याच्या वर फुटत असेल तर पाण्यात शिरू नका, कारण आत जाणं सोपं आणि बाहेर येणं अवघड: परतणारं पाणी पायाखालचे गोटे ओढून नेतं आणि माणूस पुढच्या लाटेखाली येतो. तसं झालंच तर दोन मोठ्या लाटांमधली उसंत धरून ओणवं, हातपाय टेकत वर सरकायचं. उभं राहायचा प्रयत्न करू नये.

पोहण्यासाठी वर लाल आणि खाली पिवळा अशा दोन झेंड्यांमधली जागा. जीवरक्षकांची नजर तिथेच असते. काळ्या-पांढऱ्या चौकटींचा झेंडा लाटांवर फळी चालवणाऱ्यांसाठी, नुसता लाल म्हणजे पाण्यात जायचं नाही. नारिंगी वाऱ्याची पिशवी फडकत असेल तर हवेने फुगवलेलं काहीही पाण्यात नेऊ नका. वारा जमिनीकडून असताना ते मिनिटा-दोन मिनिटांत खोल पाण्यावर जातं. थंड पाण्यात पहिल्या मिनिटात श्वास अनावर होतो. त्या वेळी हातपाय न मारता पाठीवर पडून तरंगायचं. श्वास ताब्यात आला की मग पोहायचं. कुणी संकटात दिसलं तर ९९९ वर ‘कोस्टगार्ड’ मागा. जोराच्या पावसानंतर दोन दिवस समुद्रस्नान टाळा. सांडपाण्याच्या वाहिन्या तुंबल्या की जादा पाणी समुद्रात सोडलं जातं. ‘सेफर सीज अँड रिव्हर्स सर्व्हिस’ या ॲपवर त्या त्या किनाऱ्याची सूचना दिसते.

पॅलेस पिअर, म्हणजे समुद्रात शिरलेला करमणुकीचा धक्का, १८९९ चा, सव्वापाचशे मीटर लांब. गर्दी आणि गोंगाट आवडत नसेल तर पूर्वेला व्होल्क्स रेल्वेकडे वळा. १८८३ मध्ये सुरू झालेली ही जगातली सर्वांत जुनी, अजून धावणारी विजेची रेल्वे. किनाऱ्याला समांतर मैलभर जाते आणि फक्त हंगामात चालते. पश्चिमेला पाण्यात उभा दिसणारा लोखंडी सांगाडा म्हणजे १८६६ चा वेस्ट पिअर, २००३ मध्ये जळालेला.

दिवस दुसरा : सेव्हन सिस्टर्स

सकाळी दहाच्या सुमारास ओहोटी आहे. निघण्यापूर्वी दहा मिनिटं किनाऱ्यावर जा: काल जिथे दोन पावलांत खोल पाणी होतं तिथे गोट्यांच्या पलीकडे वाळूचा पट्टा उघडा पडलेला असेल.

ईस्टबोर्नकडे जाणारी १२ क्रमांकाची बस पकडा. वरच्या मजल्यावर उजवीकडे बसा, समुद्र त्या बाजूला. तासाभराने दोन पर्यायांपैकी एक निवडायचा असतो आणि इथेच सर्वाधिक लोक चुकतात. कॅलेंडरांवर दिसणारं दृश्य, म्हणजे पुढे तटरक्षकांची जुनी घरं आणि मागे सेव्हन सिस्टर्स या पांढऱ्या कड्यांची रांग, ककमिअर नदीच्या पश्चिम काठावरून दिसतं. त्यासाठी सीफर्डला उतरून सीफर्ड हेडवरून चालत यावं लागतं. एक्सीटला, सेव्हन सिस्टर्स पार्कच्या थांब्यावर उतरून पूर्व काठाने गेलात तर कड्यांच्या माथ्यावर पोचता, पण ते दृश्य दिसत नाही. मुखाजवळ नदीवर पूल नाही, पूल फक्त एक्सीटला आहे. ओहोटीला नदी उथळ वाटते म्हणून काही जण चालत पार करायला जातात. उतरत्या पाण्याला तिथे ओढ जबर असते. तो मोह टाळा. पाय चांगले असतील तर सीफर्डपासून सुरुवात करा, घरांपाशी फोटो काढा, नदीकाठाने एक्सीटला या, पूल ओलांडा आणि मग माथा चढा. सीफर्ड ते ईस्टबोर्न अशी ही चाल साधारण २२ किलोमीटर, सात-आठ तासांची. कमी चालायचं असेल तर एक्सीट ते बर्लिंग गॅप, अडीच तास.

नावात सात असली तरी शिखरं आठ मोजावी लागतात. सर्वांत उंच हेवन ब्राउ, सत्त्याहत्तर मीटर. उंची फार नाही, पण प्रत्येक चढ उतरून पुन्हा चढायचा असल्यामुळे गुडघे बोलायला लागतात. वाटेत सावली नाही, पाणी नाही, दुकान नाही. माणशी दीड लिटर पाणी घ्या. वाऱ्यामुळे ऊन जाणवत नाही आणि संध्याकाळी मान आणि कान भाजलेले असतात. क्रीम दर दोन तासांनी लावा, टोपी दोरीची घ्या. पाऊस पडून गेला असेल तर ओल्या खडूवर बूट सटकतो, खोल खाचांचा तळवा हवा.

कड्याची धार दिसते तशी नसते. लाटा पायथा पोखरतात, वरचा भाग पुढे झुकलेला राहतो आणि एखाद्या दिवशी काहीही सूचना न देता शेकडो टन खडू एकदम कोसळतो. वर उभ्या असलेल्याला खाली किती पोकळी आहे हे कळत नाही. गवतात धारेला समांतर भेग दिसली तर तिच्या समुद्राकडच्या बाजूला पाऊलही टाकू नका. फोटोसाठी धारेवर बसणारे रोज दिसतात. त्यांच्या मागे जाऊ नका. खाली किनाऱ्यावर असाल तर कड्याला टेकून सावलीत बसणंही तितकंच धोक्याचं.

बर्लिंग गॅपला नॅशनल ट्रस्टचं उपाहारगृह, स्वच्छतागृह आणि किनाऱ्यावर उतरणारा जिना आहे. कडा मागे सरकत असल्यामुळे जिना कधी कधी बंद ठेवतात. इथली कडेची काही घरं झिजेमुळे पाडावी लागली आहेत. षष्ठीला भरती चारच्या सुमारास, म्हणजे दुपारी पाणी चढत असतं, जिन्याजवळच राहा. इथून कड्यांच्या पायथ्याने ककमिअरपर्यंत चालत जायचा विचार करू नका. मध्ये वर चढायला वाट नाही, आणि पाणी कड्याला भिडलं की सुटका फक्त बोटीने किंवा हेलिकॉप्टरने.

पुढे बेल टूट हे जुनं दीपगृह लागतं. धार जवळ आली म्हणून १९९९ मध्ये ही अख्खी इमारत रुळांवरून १७ मीटर मागे सरकवली. बीची हेडचा कडा १६२ मीटर, ब्रिटनमधला सर्वांत उंच खडूचा समुद्रकडा. खाली लाल-पांढऱ्या पट्ट्यांचं दीपगृह १९०२ पासून उभं आहे. ईस्टबोर्नला उतरून ब्रायटनची गाडी पकडा, पाऊण तासाच्या आत पोचता. ईस्टबोर्नच्या समुद्रासमोरच्या रस्त्यावर हॉटेलं आहेत पण दुकानांची गजबज नाही. ज्यांच्या जमिनीवर गाव वसलं त्या डेव्हनशरच्या ड्यूक घराण्याने ती होऊ दिली नाही.

दिवस तिसरा : हेस्टिंग्ज

ब्रायटनहून तासाभराची गाडी. सामान खोलीवर टाकून थेट जुन्या गावाच्या पूर्व टोकाला, स्टेड या मच्छीमारांच्या किनाऱ्यावर जा. इथे बंदर नाही. युरोपातला सर्वांत मोठा, थेट किनाऱ्यावरून पाण्यात लोटला जाणारा मच्छीमार ताफा इथे आहे: होड्या ट्रॅक्टर लावून गोट्यांवरून समुद्रात ढकलायच्या आणि परतल्या की तारेने वर ओढायच्या. त्यामुळे होड्या दहा मीटरपेक्षा लहान. तारा जमिनीलगत पसरलेल्या असतात आणि ओढताना एकदम ताणल्या जातात. त्या ओलांडू नका, होड्यांच्या मागे लहान मुलांना सोडू नका.

मागे डांबर फासलेल्या काळ्या, उंच, अरुंद लाकडी खोल्यांच्या रांगा दिसतात. जाळी आणि दोर कोरडे ठेवायच्या या खोल्या. किनाऱ्यावर जागा मोजकी होती, जमिनीचा तुकडा प्रत्येकाला जेमतेम आठ-नऊ फुटी चौरस मिळायचा, म्हणून कोठार वर चढवलं. शेजारच्या जुन्या चर्चमध्ये मच्छीमारांचं संग्रहालय आहे, आत एक अख्खी शिडाची होडी ठेवली आहे, प्रवेश फुकट.

रॉक-ए-नोर रस्त्यावर ताजी मासळी विकणारी दुकानं लागतात. प्लेस हा चपटा मासा, आपल्या लेप्याच्या जवळचा, इथला खरा स्थानिक. हस म्हणजे लहान मुशीच्या जातीचा, काटे नसलेला. फिश अँड चिप्समध्ये कॉड आणि हॅडक सगळीकडे मिळतात, पण त्यांतला बराचसा उत्तरेच्या समुद्रातून गोठवून आलेला असतो, तेव्हा हेस्टिंग्जला प्लेस किंवा हस मागावा. एक नेहमीच्या आकाराची चिप्सची पुडी दोघांना पुरते. मागवण्याआधी एक प्रश्न जरूर विचारा: तळण कशात आहे? काही दुकानांत गाईच्या चरबीत, म्हणजे ‘बीफ ड्रिपिंग’मध्ये तळतात, दक्षिणेत बहुतेक ठिकाणी वनस्पती तेल असतं, पण पाटीवर लिहिलेलं नसतं. शाकाहारी असाल तर चिप्स आणि मासे एकाच कढईत निघतात का, हेही विचारा. समुद्रपक्षी मागून झेप घेऊन हातातलं खाणं नेतात. भिंतीला पाठ लावून बसा आणि पुडी उघडी धरू नका. त्यांना मुद्दाम काही घालू नका, त्यानेच ते माणसाच्या हातावर झडप घालायला शिकतात.

ईस्ट हिलवर १९०२ पासून दोरीची रेल्वे चढते, देशातली सर्वांत उभ्या चढणीची. वरून होड्या, काळी कोठारं आणि जुनं गाव एका नजरेत येतं. हेस्टिंग्जचा पिअर १८७२ चा, २०१० मध्ये जळाला. नव्याने बांधलेल्याला २०१७ मध्ये वास्तुकलेचं स्टर्लिंग पारितोषिक मिळालं. हेस्टिंग्जच्या नावाने ओळखली जाणारी १०६६ ची लढाई गावात झालेली नाही. ते रणांगण आत, बॅटल या गावी आहे, गाडीने पंधरा मिनिटांवर.

दिवस चौथा : राय आणि कँबर सँड्स

हेस्टिंग्ज ते राय वीस मिनिटं. ही मार्शलिंकची शाखा, विद्युतीकरण न झालेली, तासाला एक गाडी आणि डबे मोजके. उन्हाळ्यातल्या शनिवार-रविवारी उभं राहायलाही जागा नसते, नऊच्या आसपासची गाडी धरा. रायहून कँबरला १०२ क्रमांकाची बस. कँबरला जाणारा रस्ता एकच, आणि उन्हाच्या दिवशी अकरानंतर त्यावर गाड्यांची रांग लागते. वाहनतळ भरले की पोलीस वळवून परत पाठवतात. म्हणून आधी समुद्र, मग राय.

या सहा दिवसांतली खरी वाळू इथे. मऊ, बारीक, मागे वाळूच्या टेकड्या. अष्टमीला पहाटे भरती आणि साडेबारा-एकच्या सुमारास ओहोटी. दहाला पोचलात तर पाणी उतरत असतं, ते साऱ्या सकाळी दूर जात राहतं आणि मुलांना घोट्याएवढ्या उबदार डबक्यांत खेळायला मिळतं.

धोकाही याच सपाटीत आहे. वाळू एकसारखी सपाट नाही, मध्ये मध्ये लांबट उंचवटे आणि त्यांच्यामध्ये चर आहेत. ओहोटीला माणूस चर ओलांडून पुढच्या उंचवट्यावर जातो. पाणी परततं तेव्हा ते समोरून येताना दिसत नाही, आधी बाजूने शिरून पाठीमागचे चर भरतं. उंचवट्यावरचं पाणी अजून गुडघ्याएवढं असताना मागे, किनाऱ्याच्या बाजूला, ते डोक्यावर गेलेलं असतं. पोहता न येणारे तिथेच अडकतात. २०१६ च्या उन्हाळ्यात या किनाऱ्यावर सात तरुणांचा जीव गेला, त्यांतले पाच एकाच दिवशी, २४ ऑगस्टला. ते पाच जण लंडनहून सुट्टीचा दिवस घालवायला आलेले, श्रीलंकेतून आलेल्या तमिळ कुटुंबांतले मित्र होते. त्यानंतर इथे हंगामात जीवरक्षक ठेवले जाऊ लागले. दक्षिण आशियाई घरांतल्या कित्येकांना पोहणं शिकायची संधीच मिळालेली नसते आणि वाळूवर उथळ पाण्यात चालणं त्यांना निर्धोक वाटतं. त्यांना बरोबर नेणाऱ्याने हा परिच्छेद त्यांना वाचून दाखवावा.

नियम साधा ठेवा. ओहोटीच्या वेळेचा गजर फोनवर लावा. तो वाजला की सगळ्यांनी टेकड्यांकडे परत फिरायचं, मग पाणी कितीही दूर दिसो. पाण्यात जायचं ते झेंड्यांमध्येच. भरतीच्या वेळी गेलात तर पट्टा अरुंद होतो, पण चरांचा हा फास नसतो.

इतर तयारी थोडक्यात. वाऱ्याचा आडोसा करायला खांब असलेलं कापड, म्हणजे विंडब्रेक, आणि खांब ठोकायला लाकडी हातोडा. खांब हातभर खोल जायला हवेत आणि कापड वाऱ्याला सरळ आडवं न लावता इंग्रजी ‘व्ही’सारखं, टोक वाऱ्याकडे करून लावा, सरळ लावलेलं पहिल्या झोताला आडवं होतं. लहान मुलांच्या मनगटावर पालकांचा फोन क्रमांक लिहा, कारण सपाटीवर सगळे कोपरे सारखेच दिसतात आणि मूल चुकणं ही इथली नेहमीची गोष्ट. एकदाच वापरायच्या शेगडीतले निखारे वाळूत पुरू नका. वाळू उष्णता धरून ठेवते आणि तासाभराने त्यावर कुणाचं तरी उघडं पाऊल पडतं. पाणी ओतून विझवा.

संध्याकाळी राय. एकेकाळी या गावाला समुद्र भिडलेला होता, गाळाने तो दूर सरकला. मर्मेड स्ट्रीटच्या गोट्यांवर कँबरच्या वाळूने भरलेले बूट टिकत नाहीत, बदलून घ्या. सेंट मेरी चर्चच्या मनोऱ्यावर चढलात तर दलदलीचा सपाट प्रदेश आणि त्यापलीकडे आज दिवसभर तुडवलेली वाळू दिसते. शेवटच्या शिड्या अरुंद आहेत.

दिवस पाचवा : मार्गेट

हेस्टिंग्जहून रायमार्गे ॲशफर्ड, तिथे गाडी बदलून मार्गेट. दोन-अडीच तास धरा. ॲशफर्डला बदलीसाठी वेळ कमी मिळाला तर पुढची गाडी पकडा, सामानासह धावण्यात अर्थ नाही.

मार्गेटचा किनारा वायव्येकडे तोंड करून आहे, त्यामुळे इंग्लंडच्या पूर्व टोकाला असूनही उन्हाळ्यात सूर्य समुद्रात मावळतो. चित्रकार टर्नर इथल्या आकाशासाठी पुनःपुन्हा येत असे. त्याच्या नावाचं कलादालन २०११ मध्ये बंदराजवळ उघडलं. प्रवेश फुकट, सोमवारी बहुधा बंद.

समुद्रस्नान हे औषध म्हणून इंग्लंडमध्ये रुजलं त्यात या गावाचा वाटा मोठा. घोडा जुंपून पाण्यात न्यायच्या चाकांच्या खोल्यांना आडोशाचं कापडी छत लावण्याची युक्ती अठराव्या शतकाच्या मध्यात मार्गेटच्या बेंजामिन बीलची. क्षयरोग्यांना समुद्राची हवा देणारं रुग्णालय इथे १७९१ मध्ये स्थापन झालं.

नवमीला ओहोटी दोनच्या आसपास. मेन सँड्सच्या वाळूवर ऊन खा, पण पोहायला मैलभर पूर्वेला वॉलपोल बे गाठा. १९३७ मध्ये समुद्रातच काँक्रीटच्या ठोकळ्यांची भिंत घालून चार एकरांचा तलाव बांधला आहे. भरतीला तो पूर्ण पाण्याखाली जातो आणि पाणी बदलतं. ओहोटीला भिंती वर येतात आणि आत स्थिर पाणी उरतं. ओहोटीच्या आधी दोन आणि नंतर दोन तास ही पोहण्याची वेळ. किनाऱ्याकडे उथळ, समुद्राकडे डोक्यावर. भिंतीवर शेवाळ असतं, त्यावरून चालू नका.

शेल ग्रोटो हे शिंपल्यांनी मढवलेलं भुयार १८३५ मध्ये सापडलं. शिंपले सुमारे ४६ लाख. बांधलं कुणी आणि कशासाठी, हे आजवर ठरलेलं नाही. अर्धा तास पुरतो. ड्रीमलँडमधली १९२० ची लाकडी सीनिक रेल्वे पाहण्यासारखी आहे. तिच्या गाडीत ब्रेक लावणारा माणूस बसलेला असतो.

दिवस सहावा : बॉटनी बे, व्हिट्स्टेबल आणि परत

सकाळी मार्गेटहून कड्याच्या वरच्या वाटेने बॉटनी बेपर्यंत चाला, तासा-सव्वातासाचं अंतर. खडूचे सुटे सुळके वाळूत उभे आहेत. दशमीला भरती साडेआठ-नऊच्या सुमारास, म्हणून दहाच्या आधी खाली उतरू नका आणि भूशिराला वळसा घालून शेजारच्या खाडीत जाणं दुपारपर्यंत टाळा. वरूनही सुळके छान दिसतात.

दुपारी व्हिट्स्टेबल, गाडीने अर्ध्या तासाच्या आत. गाव कालवांचं. बंदराजवळच्या टपऱ्यांवर ती सोलून लिंबासह मिळतात. वर्षभर मिळतं ते पॅसिफिक जातीचं, लांबट आणि खोलगट कवचाचं. मूळ देशी कालव गोल आणि चपटं, सप्टेंबर ते एप्रिल. उन्हाळ्यात ‘नेटिव्ह’ म्हणून कुणी देत असेल तर घेऊ नका. कच्ची कालवं गर्भवतींनी, लहान मुलांनी आणि प्रतिकारशक्ती कमी असलेल्यांनी टाळावीत. पहिल्यांदाच खात असाल तर दोन घ्या, डझन नको. शिजवलेली मागितलीत तरी कुणी नाक मुरडत नाही.

टँकर्टनच्या उताराखाली ‘द स्ट्रीट’ हा गोट्यांचा दांडा ओहोटीला अर्धा मैल समुद्रात उघडा पडतो. आज ओहोटी साडेतीन-चारच्या सुमारास, म्हणून तीनला चालायला सुरुवात करून चारला काठावर परत या. दोन्ही बाजूंनी प्रवाह जोराचे आहेत, तिथे पोहू नका. टोकाला पाणी दोन्हीकडून एकमेकांत मिसळताना दिसलं की वळायची वेळ झालेली असते.

परतीला दोन वाटा आहेत: सेंट पँक्रसची जलद गाडी सव्वातासात पोचवते, व्हिक्टोरियाची थोडी सावकाश पण स्वस्त. जलद गाडीला वेगळा अधिभार असतो, साध्या तिकिटावर चढलात तर फरक गाडीत भरावा लागतो. पाचनंतर स्थानकावर उन्हाने थकलेल्या कुटुंबांची गर्दी उसळते. बसायला जागा हवी असेल तर स्ट्रीटवरून परतल्यावर थेट स्थानक गाठा, किंवा मग जेवण इथेच उरकून आठनंतर निघा.